मळका आणि अस्पृश्य : दोन विशेषणांची जन्मकथा

लॅटिन भाषेत 'सोर्दिदुस' असं एक विशेषण आहे. अर्थ मळका, घाणेरडा. इंग्रजीतला 'सॉर्डिड' त्याच्याच पोटचा. 'सोर्देस' म्हणजे मळ. 'सोर्देरे' म्हणजे मळलेलं असणं. त्याला 'इदुस' हा प्रत्यय लागला आणि विशेषण तयार झालं. हा प्रत्यय लॅटिनमध्ये जागोजाग भेटतो. 'तिमेरे' म्हणजे भिणं, त्यावरून 'तिमिदुस' म्हणजे भित्रा. 'लुकेरे' म्हणजे प्रकाशणं, त्यावरून 'लुकिदुस' म्हणजे लख्ख. प्रत्यय अवस्था सांगतो. भितोय तोवर भित्रा, मळलाय तोवर मळका.

तुम्ही म्हणाल, ह्या गिरणीवाल्याला लॅटिनचं काय पडलंय? ज्या लोकांना दीड हजार वर्षं एका विशेषणात कोंडून ठेवलं, त्यांनी विशेषण ही काय चीज असते ते एकदा उलगडून बघायला नको काय? व्याकरण म्हणजे भटजीचं काम आणि आपलं काम मोर्चा, असं समजणारे मित्र आपल्यात आहेत. मला ते पटत नाही. मशीन कुठे अडकतंय ते कळायचं तर झाकण काढावंच लागतं.

तर सोर्दिदुस. मराठीसारखीच लॅटिनला तीन लिंगं. सोर्दिदुस, सोर्दिदा, सोर्दिदुम. मळका सदरा, मळकी चादर, मळकं धोतर. नाम बदललं की विशेषण बदलतं, म्हणून व्याकरणवाले त्याला विकारी म्हणतात. भाषाशास्त्राचे लोक ह्या शब्दाचं नातं जर्मन भाषेतल्या 'श्वार्त्स'शी, म्हणजे 'काळा' ह्या शब्दाशी लावतात. एकाच आजीची नातवंडं, एक मळ झालं आणि एक काळा. ज्यांच्याकडून पँथरने नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांना ह्याचं नवल वाटणार नाही.

पण शब्दाची खरी करामत कोशात नसते, वापरणाऱ्याच्या तोंडात असते. इसवी सनापूर्वी 44 साली सिसेरो नावाच्या रोमन वकील-पुढाऱ्याने आपल्या पोराला उद्देशून कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. कोणते धंदे भल्या माणसाला शोभतात आणि कोणते सोर्दिदुस, ह्याची त्यात सरळ यादी आहे. मजुरीवर राबणारे सगळे सोर्दिदुस. कारण त्यांचं कसब नाही, अंगमेहनत विकत घेतली जाते, आणि मजुरी म्हणजे गुलामीचा बयाणा. कारागीर सगळे सोर्दिदुस, कारण कारखान्यात भल्या माणसाचं काय काम? त्याखाली मासेवाले, खाटीक, आचारी, कोंबड्या विकणारे. आणि सगळ्यात उत्तम धंदा कोणता, तर शेती. नांगर अर्थातच दुसऱ्याच्या खांद्यावर.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परका वाटलाच नाही हा माणूस. आपल्याकडच्या स्मृतिकारांचा लांबचा चुलता शोभावा. मळ लागतो हाताला, आणि ह्यांनी तो लावला धंद्याला. मळलेले कपडे घालणारा नाही, मळलेले कपडे ज्याच्या पैशातून येतात तो धंदाच मळका. हा पहिला डाव. जगात जिथे जिथे फुकट राबवून घ्यायचं होतं तिथे तिथे हा डाव खेळला गेला.

पुढचं मात्र बघण्यासारखं आहे. रोममध्ये एखाद्या बड्या माणसावर खटला उभा राहिला की तो मुद्दाम काळपट मळके कपडे घालून, दाढी वाढवून गावभर हिंडायचा. लोकांना दया यावी म्हणून. अशा माणसाला 'सोर्दिदातुस' म्हणत, मळवस्त्रं घातलेला. इ.स.पू. 58 साली हद्दपारीची वेळ आली तेव्हा खुद्द सिसेरो असा हिंडला. दीडेक वर्षाने परत आला आणि पुन्हा पांढरा टोगा चढवला. मजुराला चिकटवलेलं विशेषण त्याने स्वतः अंगात घातलं आणि काम झाल्यावर खुंटीला टांगलं. आणि रोमच्या गुलामाला मालकाने मोकळं केलं, तर मोकळं झाल्यावर त्याला झालेलं पोर जन्माने स्वतंत्र नागरिक गणलं जायचं. गुलामी वाईटच, तिची बाजू मी घेत नाही. पण पोराच्या अंगाला बापाचं विशेषण चिकटलंच पाहिजे असा नेम नव्हता. गुलामी आणि अस्पृश्यता ह्यांची तुलना बाबासाहेबांनी केलेली आहे, ती जरूर वाचा.

लॅटिनमध्ये आणखी एक शब्द होता, 'सुकिदुस'. मेंढीच्या अंगावरून नुकती कातरलेली, धुतली नाही अशी तेलकट लोकर. हाच शब्द घासत घासत पोर्तुगीज भाषेत 'सुजु' झाला, आणि अर्थ झाला घाणेरडा. आपण विणून निघालेल्या, न धुतलेल्या कापडाला कोरं म्हणतो. कोरं म्हणजे चांगलं, नवं. त्यांनी न धुतलेल्या लोकरीवरून घाणीचा शब्द काढला. ज्याचा माल तसा त्याचा शब्द. आणि हेच पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा 'रक्ताची स्वच्छता' हे त्यांचं खूळ बरोबर होतं. ज्याचे वाडवडील ज्यू किंवा मुसलमान होते त्याचं रक्त मळकं, मग तो दोन पिढ्यांचा ख्रिस्ती का असेना. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय बसलं, त्याने अशा माणसांना छळलं. पोर्तुगालमध्ये जुना ख्रिस्ती आणि नवा ख्रिस्ती हा भेद 1773 साली कायद्याने मोडला. म्हणजे युरोपालाही मळ रक्तात घालता येत होता. फक्त तिथे एका मंत्र्याच्या हुकमाने तो कागदावरून काढता आला. आपल्याकडे मामला अधिक मुरलेला होता.

आता घरात येऊ. मराठीत घाणीचे शब्द भरपूर. 'मळ' सरळ संस्कृत 'मल'वरून. मळका, मळकट, मळखाऊ, मळणे. ही सगळी गरिबाघरची साधी माणसं आहेत, साबण लागला की निघून जातात. 'गलिच्छ' आला अरबीतून, फारसीच्या वाटेने. मूळ 'गलीज', म्हणजे दाट, जाडाभरडा. तो इथे येऊन घाणेरडा झाला, आणि 'गलिच्छ वस्ती' म्हणून आपल्या झोपड्यांच्या कपाळी बसला. 'घाण'ची गंमत वेगळीच. तो आला 'घ्राण'वरून. घ्राण म्हणजे वास, घ्राण म्हणजे नाक. घाण हा शब्द मुळात वस्तूचा नाही, नाकाचा आहे. वास घेणाऱ्याने आपल्या नाकाचं नाव समोरच्या वस्तूला दिलं. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ह्याच्या शेजारी दुसरी रांग आहे. सोवळं, ओवळं, विटाळ. ह्या रांगेतल्या शब्दांचा मळाशी काही संबंध नाही, आणि हे पटवायला मला पुराण नको, कापड पुरे. सुती पंचा सोड्याने उकळून, आपटून, उन्हात वाळवला आणि काढताना कोणाचं बोट लागलं, की तो ओवळा. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी महिनोन् महिने पाणी बघत नाही, घामाने तिला वास मारतो, तरी ती सोवळी. डाग कशात आहे ते सांगा. धुतलेलं ओवळं आणि न धुतलेलं सोवळं! सूत आपण काढायचं, कापड आपण विणायचं, आणि विटाळ धरणारं कापड तेच.

'सोवळा' विकारी आहे, सोवळा-सोवळी-सोवळं. पण लिंग बदलताना अर्थ कसा पालटतो बघा. सोवळा म्हणजे शुद्ध पुरुष. सोवळं म्हणजे त्याचं वस्त्र. आणि सोवळी? जुन्या मराठीत सोवळी म्हणजे नवरा मेल्यावर डोकं भादरलेली बाई. पुरुषाला मान, बाईला वस्तरा. ह्या सोवळ्या पोरींची आणि त्यांच्या बाळांची सोय फुले पतिपत्नींनी 1863 साली ह्याच पुण्यात आपल्या घरात केली. आणि 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला तेव्हा त्यांच्या पाठीशी नारायण मेघाजी लोखंडे उभे होते. ज्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली तेच लोखंडे.

आता विटाळ. हा शब्द मी बरेच दिवस चघळतोय. चोखोबांच्या अभंगात तो पुनःपुन्हा येतो, सोयराबाईंनी तर देहाचा विटाळ कुणाला चुकला म्हणून विठ्ठलाच्या तोंडावर जाब मागितलाय. पण शब्द त्यांच्याही आधीचा. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृताचं आणि अपभ्रंशाचं व्याकरण लिहिलं. अपभ्रंशात जे शब्द संस्कृताच्या साच्यात बसत नाहीत त्यांची त्यांनी नोंद केली, त्यात 'विट्टाल' आहे. आणि त्याचा संस्कृत अर्थ दिलाय, अस्पृश्याचा संसर्ग. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हा शब्द लोकांच्या बोलण्यात पक्का बसलेला होता, आणि पंडिताला त्याचा अर्थ सांगताना दुसरा शब्द सुचला नाही.

त्याहून मला लागलं ते त्यांनी दिलेलं उदाहरण. कुठलं तरी लोकांतलं कवन आहे, शंखाचं. रत्नांनी भरलेला समुद्र सोडून जे शंख काठावर येऊन पडतात त्यांना विटाळ होतो, दुसऱ्यांच्या तोंडांनी फुंकले जात ते भटकत राहतात, असा त्याचा भाव. आता देवळातल्या पूजेतला शंख घ्या. तो भटजीच्या ओठाला लागतो, त्याच्या थुंकीने ओला होतो. कवनात विटाळ शंखाला झालाय, आणि तो झालाय फुंकणाऱ्याच्या तोंडाचा! व्याकरणाच्या पोथीत एका ओळीपुरतं सत्य निसटून गेलंय. पंडितांच्या लक्षात आलं असतं तर त्यांनी दुसरं उदाहरण घेतलं असतं.

व्याकरणाच्या पोथ्या निरागस असतात असं मात्र समजू नका. पाणिनीचं एक सूत्र आहे, शूद्रांच्या नावांचा द्वंद्वसमास कसा करायचा त्याबद्दल. सुतार-लोहार अशी जोडी असेल तर समास एकवचनी, नपुंसकलिंगी. पण हे फक्त 'अनिरवसित' शूद्रांपुरतं, म्हणजे बाहेर न काढलेल्यांपुरतं. निरवसित असतील तर वेगळं रूप. निरवसित कोण, ह्याचा खल पतंजलीने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात महाभाष्यात केलाय. गावाबाहेर राहतो तो काय? यज्ञात ज्याला हक्क नाही तो काय? शेवटी तो भांड्यावर येतो. ज्याने जेवलेलं भांडं घासून-पुसून, संस्कार करून शुद्ध होतं तो अनिरवसित. ज्याने जेवलेलं भांडं कशानेच शुद्ध होत नाही तो निरवसित, उदाहरणार्थ चांडाळ. म्हणजे शब्दाचं वचन आणि लिंग ठरवायला ह्यांनी ताटली घासून बघितली. वर्गात समास शिकवताना हे सूत्र का शिकवत नाहीत हे एकदा मास्तरांना विचारा.

कांशाचं भांडं राखेने घासलं तर चकचकीत होतं हे आपल्या आयाबायांना माहीत आहे. पतंजलीच्या घरच्या मोलकरणीलाही माहीत असणार. न निघणारा डाग भांड्यावर नव्हताच. बाबासाहेबांनी 1948 च्या त्यांच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात हीच रेघ ओढलीय. अशुद्धी वेगळी आणि अस्पृश्यता वेगळी. सुतक, सोयर, विटाळशी ही अशुद्धी मुदतीची, दहा दिवस, चार दिवस, अंघोळ केली की संपली. अशी अशुद्धी जगभरच्या जुन्या समाजांत सापडते. अस्पृश्यता बेमुदत आणि वारसाहक्काने चालणारी, ती इथेच. त्यांनी सरकारी यादीतल्या 429 जमाती मोजून दाखवल्या. ह्या माणसांचा मळ किती दिवसांचा, असा प्रश्न त्यांना विचारायचा होता.

पुण्याचा हिशोब तर पाठच आहे सगळ्यांना. पेशवाईत महाराच्या कमरेला झाडू आणि गळ्यात गाडगं, हे बाबासाहेबांनी 1936 साली लिहिलं. महार-मांगांनी सकाळी नवाच्या आत आणि दुपारी तीननंतर वेशीच्या आत यायचं नाही, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात, ही नोंद घुर्ये ह्यांच्या 1932 च्या पुस्तकात आहे. सावली! जिला वजन नाही, वास नाही, जी धुता येत नाही आणि मळवताही येत नाही. मळाचा आणि विटाळाचा काडीमोड ह्यापेक्षा स्पष्ट कुठे झाला असेल? झाडूने पाऊल पुसायचं, गाडग्यात थुंकायचं. पुन्हा तोंडच आलं बघा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांगाच्या पोरीने 1855 साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला आणि गुलटेकडीच्या मैदानावर आपल्या माणसांच्या मुंडक्यांचं काय केलं जायचं ते नाव घेऊन सांगितलं. आज तिथे मार्केट यार्ड आहे, ट्रकमधून कांदे उतरतात. 1888 च्या सुमारास कोकणातल्या गोपाळबाबा वलंगकरांनी पुस्तिकेला नावच दिलं 'विटाळ विध्वंसन'. पलटणीतून पेन्शन घेतलेला माणूस, त्याने नेम धरला तो थेट शब्दावर. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1908 साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' काढला, आणि 1929 साली पर्वतीच्या देवळाचा सत्याग्रह झाला तेव्हा पायऱ्यांवर दगड बसले. दगडाला विटाळ नसावा.

गिरणीचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या माणसांना सूतखात्यात घ्यायचे, विणखात्यात नाही. विणखात्यात पगार जादा. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की विणकराने नवी कांडी घालायची, आणि धागा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला धोट्याला तोंड लावून ओढायचा. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. मराठा विणकर म्हणायचा, महाराचा उष्टा धोटा मी तोंडाला कसा लावू? 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या पुढ्यात टाकला, 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेतही काढला. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक, धोट्यापाशी मात्र वेगवेगळे. त्या धोट्याने छातीचे रोग पसरायचे हेही खरंय, पण तेव्हा कोणी रोगाला भिऊन बोलत नव्हतं. ज्या मागांवर आता आडवा धागा हवेच्या झोताने जातो तिथे धोटा नाही आणि तोंडही लावायचं नाही. एका यंत्राने विटाळाचा एक कायदा निकालात काढला, आणि हवेने कुणाची जात विचारली नाही.

आणि आपल्यातही बघा जरा. महाराने मांगाच्या हातचं पाणी प्यायचं नाही, मांगाने भंग्याचं. लॅटिनमध्ये विशेषणाला पायऱ्या असतात, सोर्दिदुस, त्याहून सोर्दिदिओर, सगळ्यात सोर्दिदिस्सिमुस. व्याकरणात त्याला तरतमभाव म्हणतात. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. आपण मधल्या पायरीवर बसून खालच्याला 'दिओर' म्हणत राहिलो.

आता 'अस्पृश्य' उघडू. अ, स्पृश्, य. स्पृश् म्हणजे शिवणं. शेवटचा 'य' हा एक कृत्य प्रत्यय, पाणिनीच्या भाषेत क्यप्. पूज्य, त्याज्य, भोज्य हे त्याच घराण्यातले. पूज्य म्हणजे पुजावा असा. त्याज्य म्हणजे टाकावा असा. अस्पृश्य म्हणजे शिवू नये असा. नीट बघा, ह्यात शिवून न घेणाऱ्या माणसाबद्दल काही म्हणजे काही माहिती नाही. तो मळका आहे, आजारी आहे, काळा आहे, गोरा आहे, काही नाही. हा वर्णन करणारा शब्दच नाही. ही आज्ञा आहे, आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी केलेली आहे. शिवू नकोस, असं कुणीतरी कुणाला तरी बजावलं. बजावणारा गुल झाला, ऐकणारा गुल झाला, आणि आज्ञा तिसऱ्याच्या अंगावर विशेषण होऊन बसली. घाण जशी नाकाची, तसा अस्पृश्य हा शब्द न शिवणाऱ्या हाताचा.

लॅटिनमध्येही असला प्रत्यय आहे. आपण मीटिंगला 'अजेंडा' म्हणतो ना, तो 'अगेंदा', म्हणजे करायची कामं. कोणी करायची ते त्या शब्दात नाही, आणि आपल्या मीटिंगांतही नसतं. पण लॅटिनमध्ये 'न शिवलेला' ह्या अर्थी जो शब्द आहे तो 'इंताक्तुस'. इन म्हणजे नाही, तांगेरे म्हणजे शिवणं. कोणी हात न लावलेलं, म्हणून शाबूत, अख्खं, निष्कलंक. तीच नकाराची अक्षरं, तेच शिवणं, आणि तिकडे शब्द झाला कौतुकाचा. संस्कृतात 'अस्पृष्ट' म्हटलं असतं तर तसाच साधा अर्थ निघाला असता, न शिवलेला. फरक फक्त शेपटीचा. अस्पृष्ट काय घडलं ते सांगतो. अस्पृश्य काय घडता कामा नये ते बजावतो.

मराठीत 'अस्पृश्य' अविकारी आहे. अस्पृश्य पुरुष, अस्पृश्य बाई, अस्पृश्य पोर, शब्द जागचा हलत नाही. कुणी ह्यावरून लगेच कविता करील. मीही केली असती, पण 'सुंदर' हाही अविकारीच आहे, आणि सुंदर पोरगी जन्मभर सुंदर राहत नाही. संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले शब्द मराठीत बहुधा असेच ताठ राहतात. व्याकरणाच्या खुंटीला झेपेल तेवढंच टांगावं.

'अस्पृष्ट'मधला तो 'त' हा क्त प्रत्यय. काम होऊन गेलं, कुणावर तरी झालं, हे सांगणारा. निरवसित ह्यातही तो आहे. पाणिनी नकळत कबूल करून बसलाय की ही माणसं बाहेर असलेली नाहीत, बाहेर काढलेली आहेत. 1924 साली बाबासाहेबांनी संस्था काढली ती बहिष्कृत हितकारिणी सभा. 1927 साली पत्र काढलं ते 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणजे बाहेर टाकला गेलेला. सरकारदरबारी, वर्तमानपत्रात, सुधारकांच्या भाषणात 'अस्पृश्य' चाललेला असताना मथळ्यावर त्यांनी क्त घातला. प्रत्यय मोजून घातला असं मी म्हणत नाही. पण 'बहिष्कृत' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कुणी केला? 'अस्पृश्य' म्हटलं की तो प्रश्न येत नाही. 'दलित'ही तसाच, दळला गेलेला, चिरडलेला. 1972 साली पँथरने तो रस्त्यावर आणला तेव्हापासून त्यावर भांडणं चालू आहेत. 1956 नंतर आपण बौद्ध, दलित म्हणवून घेणं म्हणजे मागे जाणं, असं म्हणणारे मित्र आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांना एवढंच सांगतो की 'बुद्ध' ह्यातही क्त आहे. बुध् धातू, जागं होणं. जागा झालेला. उच्चारात 'त'चा 'ध' होतो म्हणून ओळखू येत नाही.

राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पण अस्पृश्यता म्हणजे काय ह्याची व्याख्या घटनेत नाही, आणि 1955 च्या कायद्यातही नाही. शब्द अवतरणचिन्हांत ठेवलाय, चिमट्यात धरल्यासारखा. 1958 साली म्हैसूरच्या हायकोर्टापुढे प्रश्न आला की मग ह्याचा अर्थ लावायचा कसा. कोर्ट म्हणालं की शब्दार्थाने आणि व्याकरणाने लावायचा नाही. साथीच्या रोग्याला शिवत नाहीत, ती ही अस्पृश्यता नव्हे. ह्या देशात इतिहासात जी चालत आली ती. माझा एवढा व्याकरणाचा खटाटोप कोर्टाने साठ वर्षांपूर्वीच एका वाक्यात बाद ठरवला होता, आणि ते बरोबरच होतं. 2018 साली शबरीमलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टातल्या एका न्यायमूर्तींनी तर पाळीवरून बाईला बाहेर ठेवणं हेही ह्या कलमाच्या कक्षेत घेतलं. विटाळशी आणि अस्पृश्य हे दोन शब्द तिथे पहिल्यांदा एका बाकावर बसले.

'मैला' हा शब्दही 'मल'च्याच घरचा. हाताने मैला उचलायला लावण्यावर 1993 साली आणि पुन्हा 2013 साली कायद्याने बंदी आली. गटारात गुदमरून मेलेल्याच्या घरच्यांना 10 लाख द्यावेत असा हुकूम सुप्रीम कोर्टाने 2014 साली काढला, 2023 साली ते 30 लाख केले. मैला अख्ख्या शहराचा असतो, सदाशिव पेठेचाही आणि ताडीवाला रोडचाही. झाकण उघडून खाली कोणाला उतरवतात ते आपल्या वॉर्डात जाऊन बघा, आणि मुकादमाच्या वहीत त्याचं आडनाव काय लिहिलंय तेही बघा.